धुराविरुद्ध धुणं

जपानच्या क्यूशू बेटावर यावाता या गावी १९०१ साली सरकारी पोलादाचा कारखाना सुरू झाला, आणि पुढची पाच-सहा दशकं त्या परिसरात धूर ही मिरवायची गोष्ट झाली. यावाताच्या नगरगीतात आभाळ भरून टाकणाऱ्या धुराचं कौतुक होतं. निरनिराळ्या धुराड्यांतून निघणाऱ्या लाल, काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या लोटांना लोक ‘सप्तरंगी धूर’ म्हणत, तेही अभिमानानं. धूर निघतोय म्हणजे भट्टी पेटलेली आहे, भट्टी पेटलेली आहे म्हणजे घरात पगार येणार, असा तो सरळ हिशेब होता. १९६३ मध्ये यावाता, तोबाता, कोकुरा, वाकामात्सु आणि मोजी ही पाच शहरं एकत्र करून कीताक्यूशू नावाचं महानगर करण्यात आलं, तेव्हा जपानच्या चार बड्या औद्योगिक पट्ट्यांत त्याची गणना होत होती.

या पगाराची दुसरी बाजू आकड्यांत अशी दिसते. १९६५ साली यावातामधल्या शिरोयामा भागात दर चौरस किलोमीटरवर महिन्याला सरासरी ८० टन धूळ पडत होती. जपानातला हा उच्चांक होता. घराच्या मापात सांगायचं तर दहा चौरस मीटरच्या अंगणात महिन्याकाठी ८०० ग्रॅम काजळी आणि धूळ. कारखान्यांच्या मधोमध घुसलेल्या दोकाई उपसागराला लोक ‘मृत समुद्र’ म्हणत. १९६९ च्या पाहणीत तिथल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू शून्य भरला. मासे तर सोडाच, तिथं जंतूही जगत नाहीत, असं बोललं जाई.

ही धूळ सगळ्यांच्याच डोक्यावर पडत होती, पण ती झाडायचं काम बायकांकडे होतं. सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी चादर दुपारी राखाडी होऊन उतरायची आणि पुन्हा धुवावी लागायची. तोबातामधल्या महिला मंडळांनी या विषयाला हात घातला तो इथून. नाकाबारू वस्तीतल्या बायकांनी १९५० च्या सुमारासच जवळच्या वीजकेंद्राच्या काजळीबद्दल तक्रार केली होती. नुसती तक्रार करून त्या थांबल्या नाहीत. ठिकठिकाणी सदरे आणि चादरी वाळत टाकायच्या, त्या किती वेळात किती काळ्या होतात हे पाहायचं, आणि ते कापड घेऊन नगरसभेत आणि कंपनीत जायचं, असा त्यांनी क्रम ठेवला. शेवटी कंपनीनं धूळ पकडणारं यंत्र बसवलं. प्रदूषणाबद्दल एकही धड कायदा नसलेल्या काळातली ही गोष्ट आहे.

साठच्या दशकात तोबाताच्या सगळ्या मंडळांनी मिळून हे काम पुढे नेलं. आपल्याकडे महिला मंडळ म्हटलं की हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा डोळ्यांपुढे येतात. तिथली मंडळंही फार निराळी नव्हती. फरक पडला तो वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात भरणाऱ्या वर्गांमुळे. तोबाताच्या शिक्षण विभागात प्रौढशिक्षणाचं काम पाहणारे हायाशी एइदाई या बायकांबरोबर बसत. पुढे ते नोकरी सोडून लेखक झाले आणि त्यांनी आयुष्यभर खाणकामगारांवर आणि युद्धकाळात जपानात आणलेल्या कोरियन मजुरांवर लिहिलं. गंधकाची संयुगं म्हणजे काय, धूळ मोजतात कशी, सरकारी तक्ता वाचायचा कसा, हे बायका तिथं शिकल्या. यामागुचीच्या वैद्यकीय विद्यापीठातले प्राध्यापक नोसे योशिकात्सु यांचंही त्यांना मार्गदर्शन मिळालं. नोसे यांनी ऊबे या कोळशाच्या शहरात आधीच असं काम केलं होतं.

मग त्यांनी जे केलं, ते एखाद्या संशोधन संस्थेला शोभणारं होतं. शाळांतून मुलांच्या गैरहजेरीच्या नोंदी मिळवल्या आणि त्या हवेतल्या प्रदूषणाच्या आकड्यांशेजारी ठेवल्या. धुराचा जोर जिथं जास्त, तिथं आजारपणामुळे बुडणारी शाळाही जास्त, हे दिसू लागलं. घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या. दोरीवरचं कापड होतंच. १९६५ मध्ये या सगळ्याचा त्यांनी स्वतःच आठ मिलिमीटरचा चित्रपट केला. लिहिला त्यांनी, चित्रित केला त्यांनी. त्याचं नाव ‘आओझोरा गा होशिई’, म्हणजे ‘आम्हाला निळं आभाळ हवं’.

यात एक मोठी अडचण होती, आणि ती घरातच होती. या बायकांचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. ज्या धुराड्याविरुद्ध बायको कागद गोळा करत होती, त्याच्याच पायथ्याशी नवऱ्याची पाळी असायची. बढती अडण्याची, साहेबानं बोलावून घेण्याची भीती खरी होती. त्यामुळे कारखाना बंद करा असं तोबातामध्ये कुणी म्हटलं नाही, नुकसानभरपाईही मागितली नाही. मागणी एवढीच होती की धूर कमी करा, आणि धूर किती आहे याचा हिशेब हा पाहा. काही अभ्यासकांना ही भूमिका मवाळ वाटते. मवाळ ती होतीच. पण तिच्यामुळे कारखान्याला समोरच्या बाईला ‘बाहेरची’ किंवा ‘उद्योगविरोधी’ ठरवता येईना. ती त्यांच्याच फोरमनची बायको होती आणि तिच्या हातात त्यांच्याच परिसराचे आकडे होते.

तोबाताच्या बायका गैरहजेरीचे तक्ते जुळवत होत्या, त्याच सुमारास तिकडे होन्शू बेटावर, फुजी पर्वताच्या पायथ्याशी, दुसरी एक लढाई पार पडली होती. तिथली मागणी मात्र मवाळ नव्हती.

मिशिमा हे शहर फुजीच्या पोटातून येणाऱ्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. शेजारचं नुमाझु हे मासेमारीचं बंदर, तिथली सुकी मासळी जपानभर जाते. दोन्हींच्या मधे शिमिझु हे छोटं गाव. १९६३ च्या डिसेंबरमध्ये शिझुओका प्रांताच्या सरकारनं या तिन्ही ठिकाणी मिळून तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल आणि वीजनिर्मितीचा मोठा प्रकल्प जाहीर केला. देशात तेव्हा अशा संकुलांची लाट होती. कुठल्याही गावानं नाही म्हणावं अशी ती वेळ नव्हती.

पण मिशिमाकर एकदा पोळले होते. एका मोठ्या कापड कंपनीच्या कारखान्यानं भूजल उपसायला सुरुवात केल्यावर गावातले झरे आटू लागले होते, आणि झऱ्यावर पाणी भरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या माणसाला ते सांगायला तज्ज्ञ लागला नव्हता. या वेळी त्यांनी आधी जाऊन पाहायचं ठरवलं. योक्काइची या शहरात असंच संकुल १९५९ पासून चालू होतं. लोक बसगाड्या करून तिथं गेले. दम्यानं धापा टाकणारे म्हातारे त्यांनी पाहिले, तेलाचा वास मारतो म्हणून बाजारात कुणी घेईना अशी मासळी पाहिली, तिथल्या रहिवाशांशी बोलले, फोटो काढले. परत आल्यावर वस्त्यावस्त्यांत अभ्यासवर्ग भरू लागले. असे शेकडो वर्ग झाले. भिंतीवर स्लाइड दाखवायच्या, शिक्षकानं समजावून सांगायचं, मग शेतकऱ्यानं, कोळ्यानं, डॉक्टरनं, गृहिणीनं आपापल्या कामाच्या दृष्टीनं प्रश्न विचारायचे. मोर्चे नंतर निघाले. वर्ग आधी झाले.

मिशिमात राष्ट्रीय अनुवंशशास्त्र संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ मात्सुमुरा सेइजी यांच्या नेतृत्वाखाली शहरानं स्वतःचं पाहणी पथक नेमलं. त्यात नुमाझुच्या तांत्रिक माध्यमिक शाळेचे शिक्षकही होते. त्यांच्यापैकी निशिओका आकिओ या शिक्षकांचं नाव पुढे गाजलं ते एका साध्या युक्तीमुळे.

प्रश्न असा होता की धुराड्यातून निघालेला धूर नेमका कुठे जाणार? त्यासाठी संपूर्ण परिसरात वाऱ्याची दिशा तासातासाला माहीत हवी. हवामान खात्याची केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, यंत्रं घ्यायला पैसे नाहीत. महिना मात्र मे होता. ५ मे हा जपानातला मुलांचा सण. त्या दिवसांत घरोघरी उंच काठीवर कापडाच्या, कार्प माशाच्या आकाराच्या पोकळ पताका लावतात. त्यांना ‘कोइनोबोरी’ म्हणतात. वारा तोंडातून शिरतो, मासा फुगतो आणि शेपूट वाऱ्याच्या दिशेनं उडवत राहतो. म्हणजे गावात हजारो वातकुक्कुट आधीच उभे होते, तेही फुकट. शाळेची सुमारे ३०० मुलं वह्या घेऊन आपापल्या भागात उभी राहिली आणि कुठल्या वेळी कुठला मासा कुठे तोंड करून आहे हे टिपत गेली. सगळ्या नोंदी नकाशावर चढवल्यावर त्या खोऱ्यातला वारा कसा वळतो, कुठे घुटमळतो, सकाळी आणि संध्याकाळी कसा उलटतो, हे चित्र उमटलं. डोंगरांनी वेढलेल्या या भागात थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो, हा धोकाही पथकानं मांडला.

केंद्र सरकारनंही आपलं पथक पाठवलं. कुरोकावा पथक म्हणून ते ओळखलं जातं. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर होतं, पवनबोगद्यात प्रतिकृती ठेवून प्रयोग करायची सोय होती, देशातले नामवंत तज्ज्ञ होते. प्रकल्प उभारण्याआधी प्रदूषणाचा अंदाज घेण्याचा जपान सरकारचा हा पहिलाच प्रयत्न. १९६४ च्या जुलैअखेर त्यांचा निष्कर्ष आला की योग्य उपाय केले तर प्रदूषणाचं भय नाही. यानंतर जे घडलं ते दुर्मीळ आहे. अहवाल आला म्हणून गाव गप्प बसलं नाही, आणि अहवाल फाडून फेकला असंही झालं नाही. मात्सुमुरा पथक आणि रहिवाशांचे प्रतिनिधी तो वाचून, प्रश्न काढून तोक्योला गेले आणि सरकारी तज्ज्ञांसमोर बसले. हवेच्या त्या झाकणाची मोजणी किती वेळ आणि कुठे केली, अशा नेमक्या प्रश्नांपुढे तज्ज्ञ अडखळले. शाळामास्तरांनी हेलिकॉप्टरवाल्यांना गाठलं होतं.

आधी मिशिमाच्या महापौरांनी विरोध जाहीर केला. सप्टेंबरमध्ये नुमाझुत सुमारे २५ हजार लोक जमले. मासेमारीच्या बोटी, शेतीचे ट्रक, शाळांतले शिक्षक, डॉक्टर, सगळे होते. नुमाझुच्या महापौरांनी माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये शिमिझुनंही घेतली. सरकारनं आखलेला एवढा मोठा औद्योगिक प्रकल्प नागरिकांनी अडवण्याची युद्धोत्तर जपानातली ही पहिली वेळ. त्याच वर्षी शोजी हिकारु आणि मियामोतो केनइची यांचं ‘ओसोरुबेकी कोगाई’ हे प्रदूषणावरचं छोटं पुस्तक आलं आणि प्रदूषण हा शब्द घरोघरी पोचला.

नागरिकांचा सहभाग म्हटलं की नागरिक ही एकच बाजू असते असं आपण धरून चालतो. क्यूशूवरच्याच मिनामाता या गावानं हा समज खोटा ठरवला. तिथं चिस्सो या रसायन कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांतून कोळ्यांच्या शरीरात गेला. त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. पण सबंध गाव चिस्सोवर जगत होतं. १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये महापौर, नगरसभा, व्यापारी आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधी प्रांताच्या राज्यपालांकडे गेले, ते कारखान्याचं सांडपाणी बंद करू नका अशी विनंती करायला. तेही नागरिकच होते, आणि त्यांचाही तो सहभागच होता. गरीब कोळी एकटे पडले. डिसेंबरात त्यांच्या हातावर ‘सहानुभूतीची रक्कम’ ठेवली गेली आणि पुढे भरपाई मागणार नाही असं लिहून घेतलं गेलं. सरकारनं कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ मध्ये, बारा वर्षांनी. तोवर पारा समुद्रात जातच राहिला.

तोबाता आणि मिनामाता यांची परिस्थिती फार वेगळी नव्हती. दोन्ही गावं कारखान्याच्या पगारावर जगत होती. वेगळं होतं ते हे की तोबातात धूर कामगाराच्याच चादरीवर पडत होता, आणि मिनामातात विष दुसऱ्याच्या ताटात जात होतं. माणसाच्या चांगुलपणाबद्दल हा फारसा उत्साहवर्धक निष्कर्ष नाही, पण इतिहास तोच सांगतो. ज्याला झळ बसते आणि ज्याच्या शब्दाला वजन असतं, ती माणसं एक असली तर काम लवकर होतं. ती वेगळी असली, तर झळ बसणाऱ्याला शहराबाहेरून, विद्यापीठांतून, न्यायालयांतून सोबती शोधावे लागतात.

न्यायालयं आली, पण उशिरा. योक्काइचीच्या नऊ रुग्णांनी १९६७ मध्ये सहा कंपन्यांवर दावा लावला आणि १९७२ च्या जुलैत तो जिंकला. कुठल्या कंपनीचा धूर कुठल्या छातीत गेला हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, सगळ्या मिळून जबाबदार, असं न्यायालयानं म्हटलं. मिनामाताच्या रुग्णांना कुमामोतोच्या न्यायालयात १९७३ मध्ये न्याय मिळाला. मधल्या काळात शहराशहरांत मतपेटीचाही उपयोग झाला होता. योकोहामाच्या महापौरांनी १९६४ मध्ये वीज कंपनीशी प्रदूषण-करार केला, तोक्योनं १९६९ मध्ये केंद्राहून कडक नियम आणले. केंद्र सरकारला अखेर १९७० च्या हिवाळ्यात खास अधिवेशन घ्यावं लागलं. ‘प्रदूषण संसद’ या नावानं ते ओळखलं जातं. एका झटक्यात १४ कायदे संमत झाले. १९६७ च्या मूळ कायद्यात पर्यावरणाचं रक्षण ‘आर्थिक विकासाशी मेळ घालून’ करावं असं कलम होतं, ते काढून टाकलं. पुढच्या वर्षी पर्यावरण विभाग स्थापन झाला.

कीताक्यूशूनं याच काळात कारखान्यांशी करार केले, इंधन बदलायला लावलं, दोकाई उपसागराच्या तळाचा पारा मिसळलेला साडेतीन लाख घनमीटर गाळ उपसला. १९७२ ते १९९१ या वीस वर्षांत शहर आणि उद्योग यांनी मिळून प्रदूषण निवारणावर ८०० अब्ज येनहून अधिक खर्च केला. त्यातला मोठा वाटा सार्वजनिक पैशातून गेला, म्हणजे ज्या बायकांनी चादरी धुतल्या त्यांच्याच करातून. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं शहराला ‘ग्लोबल ५००’ पुरस्कार दिला. उपसागरात आता शंभराहून अधिक जातींचे मासे आणि इतर जीव सापडतात.

ही गोष्ट शहराच्या माहितीपत्रकांत फार गुळगुळीत करून सांगितली जाते. माता उठल्या, कंपन्यांनी ऐकलं, आभाळ निळं झालं! त्यात १९७३ च्या तेलटंचाईनंतर जड उद्योगच आक्रसले हे येत नाही. काही घाण उद्योग जपानमधून उठून आशियात इतरत्र गेले, हेही येत नाही. एका जपानी कंपनीची भागीदारी असलेला दुर्मीळ मृदा खनिजांचा कारखाना १९८२ मध्ये मलेशियातल्या बुकित मेरा इथं सुरू झाला, आणि तिथल्या रहिवाशांना किरणोत्सर्गी कचऱ्याविरुद्ध सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मिशिमानं धुराडं अडवलं. म्हणून धुराडी संपली नाहीत, ती दुसऱ्या किनाऱ्यांवर उभी राहिली.

तरीही मिशिमाचं महत्त्व उरतं, ते क्रमामुळे. प्रकल्पाआधी त्याचे परिणाम तपासावेत, ते लोकांना वाचायला द्यावेत, लोकांचे प्रश्न ऐकावेत, हे तिथं १९६४ मध्ये लोकांनी करून दाखवलं. जपानच्या संसदेला त्याचा कायदा करायला १९९७ उजाडलं. योगायोग असा की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये भारतानंही मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सक्तीची केली.

महाराष्ट्रात कुठेही असा प्रकल्प यायचा असेल तर सध्या पर्यावरणावरचे परिणाम तपासण्याबाबतची २००६ ची अधिसूचना लागू होते. सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा गोषवारा मराठीत करून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि संबंधित स्थानिक संस्थांकडे ठेवावा लागतो. तो कुणीही जाऊन वाचू शकतो. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि तिथं विचारलेला प्रत्येक प्रश्न व त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवावं लागतं. किती लोक हजर असावेत याची मात्र अट नाही. कुणीच आलं नाही, तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं.